पडद्यावरचा स्कोअर वाढला, हात मात्र तिथेच: पक्षाघातानंतरच्या रोबो-थेरपीचं एक प्रकरण

हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही. हाताच्या पुनर्वसनात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते नमुन्यादाखल बांधलं आहे आणि रुग्णाबद्दलचे आकडेही नमुन्याचेच आहेत. मोजमापाच्या पद्धती, यंत्राची तत्त्वं आणि संशोधनाचे उल्लेख मात्र खरे आहेत.

रुग्ण आणि सुरुवातीची तपासणी

रुग्ण ५७ वर्षांच्या बाई, उजव्या हाताने काम करणाऱ्या. मेंदूच्या डाव्या बाजूच्या मिडल सेरेब्रल आर्टरी या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला, त्याला सात महिने झाले आहेत. काठीशिवाय चालतात, समज चांगली आहे, बोलताना शब्द मात्र अडकतात. उजवं कोपर चालताना दुमडून पोटाशी येतं. खांदा थोडा उचलता येतो, पण तो उचलताच कोपर आणखी वाकतं. मनगट मागे जेमतेम ५ अंश वळतं. बोटं मिटतात, उघडताना मात्र फक्त हलल्यासारखी दिसतात.

फुगल-मायर चाचणीत हातासाठी ६६ पैकी २४ गुण मिळाले: खांदा-कोपर ३६ पैकी १५, मनगट १० पैकी २, पंजा १४ पैकी ५, समन्वय ६ पैकी २. वस्तू उचलण्या-ठेवण्याची अ‍ॅक्शन रिसर्च आर्म टेस्ट (पुढे ‘आर्म टेस्ट’) ५७ पैकी ११. कोपर वाकवणाऱ्या स्नायूंचा ताठरपणा सुधारित अ‍ॅशवर्थ मोजणीत (० ते ४, आकडा मोठा तितका ताठरपणा जास्त) १+, बोटांचा २. खांद्याच्या सांध्यात एक बोट मावेल एवढी फट, म्हणजे सांधा किंचित खाली सरकलेला. दुखणं नाही.

दोन चाचण्या वेगवेगळ्या का घ्यायच्या, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचा सगळा गुंता यातूनच उलगडतो. फुगल-मायर विचारते की स्नायू मोकळेपणाने, आकृतिबंधात (एक सांधा हलवला की बाकीचेही ठरावीक पद्धतीने सोबत ओढले जाणं) न अडकता हलतात का. आर्म टेस्ट विचारते की त्या हालचालीने एखादी वस्तू उचलून दुसरीकडे ठेवता येते का. पहिलीत गुण वाढले म्हणजे दुसरीतही वाढतील, असं नाही.

बाईंनी स्वतः तीन उद्दिष्टं सांगितली: उजव्या हाताने बरणी धरून डाव्याने झाकण उघडणं, बाहीत हात घालणं, लिहिताना कागद दाबून धरणं. तिन्हींत उजवा हात मदतनीस आहे आणि हे उद्दिष्ट त्या अवस्थेला शोभणारं होतं. सही करायची आहे, असं त्या म्हणाल्या असत्या तर आधी थोडं वेगळं बोलावं लागलं असतं.

रोबोच का

चांगला हात बांधून दुबळ्याला कामाला लावण्याच्या पद्धतीत (सीआयएमटी) सहसा मनगट किमान २० अंश आणि बोटं किमान १० अंश मागे वळणं अपेक्षित असतं. ते इथे नव्हतं. हाताने करून घेतलेल्या नेहमीच्या थेरपीत कामाशी निगडित पुनरावृत्ती एका सत्रात अनेकदा पन्नाशीही गाठत नाहीत. रोबो हे काम शेकड्यांत करून घेतो. एमआयटीत नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स यांनी विकसित केलेल्या ‘एमआयटी-मॅनस’ यंत्रावर अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतली जी चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात एका सत्रात हजाराच्या वर हालचाली करून घेतल्या होत्या.

पण त्याच चाचणीत १२ आठवड्यांनंतर रोबो गट नेहमीच्या उपचारांपेक्षा स्पष्टपणे सरस ठरला नाही. तितक्याच मेहनतीची थेरपी थेरपिस्टने हाताने दिली, तेव्हा निकाल रोबोइतकाच आला. ब्रिटनमधल्या ७७० रुग्णांच्या ‘रॅटल्स’ चाचणीतही (२०१९) रोबो गटाच्या हालचालीत काही सुधारणा झाली, पण हाताच्या कामात नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक दिसला नाही. या आकड्यांवरून रोबो निरुपयोगी ठरवणं घाईचं होईल. त्यातून कळतं ते एवढंच की नुसत्या पुनरावृत्तीतून आपोआप काम उगवत नाही. या प्रकरणाची योजना हे गृहीत धरूनच आखायला हवी होती. सुरुवातीला ती तशी आखली गेली नाही.

यंत्र आणि सत्राची मांडणी

वापरलेलं यंत्र टेबलाच्या पातळीत चालणारं आहे. रुग्ण खुर्चीत बसतो, मनगट-पंजा एका हँडलला वेल्क्रोने बांधलेला असतो, कोपराखाली पन्हाळीसारखा आधार असतो. पडद्यावर मध्ये एक ठिपका आणि भोवती वर्तुळात आठ ठिपके. मध्यापासून प्रत्येकी १४ सेंमी. रुग्णाने मधून एका ठिपक्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. मोटर दुरून खेचत नाही. रुग्णाचा हात मार्गावरून ढळला की अदृश्य स्प्रिंगसारखी त्याला हलकेच मार्गावर आणते, आणि रुग्ण स्वतः हलवू लागला की मागे हटते. या मागे हटण्यावरच सगळं अवलंबून आहे.

आठवड्यात चार सत्रं, आठ आठवडे. प्रत्येक सत्र ६० मिनिटांचं: १० मिनिटं तयारी, ३५ मिनिटं रोबो, १५ मिनिटं प्रत्यक्ष वस्तूंसोबत काम. तयारीत रक्तदाब, त्वचेची पाहणी, मग खांद्याचं पातं (पाठीवरचं चपटं हाड) वर-बाहेर फिरवणं आणि कोपर-बोटांना सावकाश ताण देणं. आपत्कालीन बटण रुग्णाच्या चांगल्या हाताला सहज पोचेल असं ठेवायचं आणि ते दाबून यंत्र थांबतं की नाही हे बांधण्याआधीच तपासायचं. हालचालीच्या मर्यादा यंत्रात टाकताना रुग्णाला न दुखता हात नेता येतो तिथपर्यंतच ठेवायच्या, त्याहून एक सेंमीही पुढे नाही.

बोलणं अडकत असल्यामुळे दुखणं सांगण्यासाठी शून्य ते दहा आकड्यांची उभी पट्टी डाव्या हाताला धरून ठेवली होती. दर ५० हालचालींनंतर त्यावर बोट ठेवायचं. ही पट्टी पुढे फार उपयोगी पडली.

दुसरा आठवडा: खांदा दुखू लागला

सहाव्या सत्रात बोट चारवर गेलं, सातव्यात पाचवर. दुखणं खांद्याच्या पुढच्या बाजूला, आणि हात पुढे-बाहेर जाताना. यंत्र थांबवून बसण्याची मापं पुन्हा घेतली. खुर्चीवरची गादी बदलली गेली होती आणि नवी गादी पातळ होती. त्यामुळे बसण्याची उंची सुमारे ३ सेंमी खाली आली होती, कोपराचा आधार मात्र पूर्वीच्याच जागी होता. खांदा खालून वर उचलला जात होता, बाहेरच्या बाजूला जास्त वळत होता. आधीच सैल असलेल्या सांध्यात हाडाचं डोकं वर सरकतं आणि खांद्याचं पातं त्याच्यासोबत फिरत नाही, तेव्हा वरच्या हाडाच्या छताखाली स्नायूंच्या कंडरा चिमटल्या जातात. दुखणं तिथून येत होतं.

उपाय सरळ होता. कोपराचा आधार खाली आणला, खांदा शरीरापासून साधारण ३० अंशांपेक्षा जास्त बाजूला जाणार नाही असं बघितलं, आणि दोन सत्रं पुढच्या-बाहेरच्या दोन ठिपक्यांना सुट्टी दिली. दुखणं चारच दिवसांत एकवर आलं. त्यानंतर रुग्णाच्या कार्डावर तीन आकडे कायमचे लिहिले गेले: बसण्याची उंची, छातीपासून मधल्या ठिपक्यापर्यंतचं अंतर, कोपराच्या आधाराची उंची. थेरपिस्ट बदलला तरी मांडणी बदलत नाही, ती या तीन आकड्यांमुळे. दुखरा खांदा घेऊन पुनरावृत्ती वाढवणं हे पुनर्वसनातलं सर्वांत महागडं धाडस आहे. खांदा धरला की महिनोन्‌महिने हात मागे पडतो आणि आधीची मेहनतही पाण्यात जाते.

चौथा आठवडा: आकडे छान, काम नाही

सोळाव्या सत्रानंतर यंत्राने दाखवलेला आलेख पाहून सगळेच खूश झाले. मार्ग जवळजवळ सरळ, लक्ष्यापर्यंत पोचण्याचा वेळ निम्म्यावर, एका सत्रात ७०० हालचाली. फुगल-मायर २८ झाला, वाढ सगळी खांदा-कोपराची. पण आर्म टेस्ट ११ वरून फक्त १२. घरी उजव्या हाताचा किती वापर होतो, याची शून्य ते पाच मोजणी ०.४ वरून ०.५. म्हणजे घरात हात अजून मांडीवरच पडून होता.

पाणी नेमकं कुठे मुरतंय हे शोधायला तीन गोष्टी तपासल्या.

पहिली, धड. रोबोला फक्त हँडल कुठे आहे एवढंच कळतं. हँडल १४ सेंमी पुढे गेलं ते कोपर सरळ झाल्यामुळे की छाती पुढे झुकल्यामुळे, हे त्याच्या सेन्सरला कळत नाही. पाठ आणि खुर्ची यांच्यात घडी केलेला कागद ठेवला आणि पुढच्या ठिपक्याकडे जायला सांगितलं. कागद पहिल्याच हालचालीत खाली पडला. छातीची सरक मोजली तर ८ सेंमी. दोन्ही खांद्यांवरून आडवे जाणारे पट्टे बांधून धड खुर्चीला टेकवलं आणि तीच हालचाल मागितली, तेव्हा हात फक्त ६ सेंमी पुढे गेला. १४ सेंमीचा आनंद निम्म्याहून जास्त धडाचा होता.

दुसरी, मदत. यंत्र मदत करायला कधी सुरू होतं, याची वेळ २ सेकंद ठेवलेली होती: रुग्णाने दोन सेकंदांत सुरुवात केली नाही तर रोबो स्वतःच घेऊन जातो. नोंदींतल्या १६० हालचाली तपासल्या तर त्यांतल्या ९० रोबोने सुरू केलेल्या निघाल्या. बाई आळशी नव्हत्या. मेंदूच असा आहे की बाहेरून काम होतंय असं दिसलं की स्नायूंची मेहनत हळूहळू कमी करतो आणि चूक फार वाढत नाही तोवर ते लक्षातही येत नाही. मार्गाचा आलेख सरळ येत होता तो त्यामुळे: सरळ रेषा रोबोची होती.

तिसरी, हाताचं वजन. पन्हाळीत हात टेकलेला असताना खांद्याला वजन उचलावं लागत नाही. पक्षाघातानंतर खांदा बाजूला उचलायला जोर लावला की कोपर, मनगट आणि बोटं वाकवणारे स्नायू सोबत ओढले जातात. ज्यूल्स डेवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकागोत हाच परिणाम रोबोनेच मोजून दाखवला आहे. जेवढं वजन खांद्यावर, तेवढा हाताचा पोच कमी. इथे कोपर पूर्ण आधारावर पूर्ण सरळ व्हायला ४० अंश कमी पडत होते, अर्ध्या वजनावर ६० आणि हात सुटा असताना ८०. बरणीपर्यंत पोचताना हात सुटाच असतो.

या तिन्हींतली सगळ्यात महत्त्वाची कुठली असं विचारलं तर उत्तर तिसरी. धड आणि मदत यांची चूक सावध थेरपिस्ट पकडतो. वजनाची चूक पकडायला टेबलाच्या पलीकडे बघावं लागतं.

बदललेली योजना

पट्टे कायम झाले. लक्ष्याचं अंतर १४ वरून ८ सेंमी केलं. पडद्यावर पहिल्याच दिवशी स्कोअर घसरला आणि बाईंचा चेहराही. थेरपिस्टने आलेख त्यांना उलटा समजावला: "ताई, आजवर हे अंतर तुम्ही आणि रोबो दोघं मिळून चालत होतात. आजचं अंतर फक्त तुमचं आहे." घसरण आधी सांगून ठेवली असती तर चेहरा पडला नसता. हे पहिल्या सत्रातच सांगण्यासारखं आहे.

मदतीची वाट पाहण्याची वेळ ४ सेकंद केली आणि मदतीची पातळी अशी ठेवली की १० पैकी ६ ते ८ हालचाली रुग्ण स्वतः सुरू करून पूर्ण करेल. दहाच्या दहा जमल्या की मदत कमी, पाचच्या खाली घसरल्या की थोडी वाढवायची. हा आकडा दर सत्रानंतर डायरीत उतरवायचा. मार्ग थोडा वाकडा येऊ दे, चालेल. मेंदू चुकीतूनच शिकतो, आणि चूक यंत्राने पुसून टाकली तर शिकायला उरतंच काय?

वजनासाठी आठवड्यागणिक पायऱ्या ठरल्या. पाचव्या आठवड्यात पूर्ण आधार, पण २० हालचालींनंतर दोन हालचाली हात पन्हाळीपासून किंचित उचलून. सहाव्यात छताला टांगलेल्या झोळीतून अर्धं वजन उचलून पुढे पोचणं. सातव्या आणि आठव्यात आधार आणखी कमी, पण कोपर वाकू लागलं की लगेच मागची पायरी. वजन वाढवताना पोच कमी झाला तर ते जोर कमी पडल्याचं नाही, आकृतिबंध परत आल्याचं लक्षण आहे, आणि त्यावर जोर लावला की आकृतिबंधच पक्का होतो.

वेळेची वाटणीही बदलली. रोबो २५ मिनिटं, प्रत्यक्ष काम २५ मिनिटं. कामं बाईंच्या यादीतली: रुंद तोंडाची रिकामी बरणी टेबलावर दोन्ही हातांनी धरणं (उजवा फक्त बाजूने दाबतो), मग तिच्यात थोडं पाणी, मग झाकण. बाही आधी दुबळ्या हातात घालणं आणि डाव्याने कोपरापर्यंत ओढणं. कागदावर पंजा पसरून ठेवणं, पाच सेकंद, दहा सेकंद, मग डाव्या हाताने रेघ ओढेपर्यंत. पंजा हँडलला बांधलेला असतो, तेव्हा बोटांना काहीच शिकायला मिळत नाही, हे सुरुवातीच्या योजनेतलं उघड भगदाड होतं. म्हणून मनगट वर-खाली आणि बाजूला फिरवणारा जोड १० मिनिटं वापरायला घेतला, आणि बोटं उघडण्यासाठी इलेक्ट्रिकल स्टिम्युलेशन, म्हणजे विजेच्या सौम्य प्रवाहाने स्नायू हलवणं: हाताच्या मागच्या बाजूला चिकटवलेले इलेक्ट्रोड, आणि तो चालू असताना बाईंनी स्वतःही उघडण्याचा प्रयत्न करायचा.

बोटांच्या ताठरपणासाठी बोट्युलिनम टॉक्सिनच्या (स्नायू तात्पुरता सैल करणारं औषध) इंजेक्शनचा प्रश्न निघाला होता. त्याचा परिणाम साधारण एक-दोन आठवड्यांत दिसू लागतो आणि तीनेक महिने टिकतो, त्यामुळे थेरपीच्या खिडकीत बसणारा उपाय आहे. पण बाईंची बरणीवरची पकड त्याच ताठरपणावर उभी होती. तळहात उघडून धुता येत होता, दुखत नव्हतं. म्हणून न्यूरॉलॉजिस्टशी बोलून ते आठ आठवड्यांनंतरच्या तपासणीवर सोपवलं.

घरची बाजू मुलीने सांभाळली. रोज पाच ठरलेली कामं उजव्या हाताला सामील करूनच करायची आणि संध्याकाळी डायरीत खूण करायची. पहिल्या आठवड्यात खुणा कमी होत्या, कारण मुलगी मदतीला फार लवकर धावत होती. तिला सांगितलं: एक मिनिट थांबा, मग विचारा. हा एक मिनिट रोबोच्या ४ सेकंदांसारखाच आहे.

आठ आठवड्यांनंतर

फुगल-मायर ३२: खांदा-कोपर २०, मनगट ४, पंजा ६, समन्वय २. म्हणजे एकूण ८ गुणांची वाढ. जुन्या पक्षाघातात साधारण पाच गुणांच्या आसपासची वाढ रुग्णाला जाणवते असं मानलं जातं, त्यामुळे ही वाढ खरी म्हणता येईल. आर्म टेस्ट १८, म्हणजे ७ गुणांनी वर. तिथे उंबरठा साधारण सहाचा धरतात. वापराची मोजणी १.३. यातले आर्म टेस्टचे सहा आणि वापराचा जवळजवळ सगळा भाग दुसऱ्या चार आठवड्यांत आला. त्यातला किती भाग रोबोमुळे, किती प्रत्यक्ष कामामुळे आणि किती मुलीच्या एका मिनिटामुळे, हे एका रुग्णावरून सांगता येत नाही.

धड बांधलेलं असताना हात ११ सेंमी पुढे जाऊ लागला. पूर्ण वजनावर कोपर सरळ व्हायला ८० ऐवजी ६० अंश कमी पडत होते. बरणी धरून झाकण उघडणं जमलं, बाही जमली. कागद दाबून धरणं साताठ सेकंद जमतं, मग बोटं मिटू लागतात. चिमूट जमली नाही आणि तशी अपेक्षाही नव्हती.

तीन महिन्यांनंतरच्या तपासणीत फुगल-मायर ३१, आर्म टेस्ट १८, वापर १.६. हालचाल तिथेच टिकली, वापर वाढला. तेव्हा रोबोची पुढची फेरी न घेता बोटांच्या इंजेक्शनचा विचार पुन्हा सुरू झाला, कारण आता अडथळा खांद्याकडून पंजाकडे सरकला होता. इंजेक्शन द्यायचं ठरलंच तर आधी बरणीची पकड कुठल्या बोटांवर टिकते ते व्हिडिओत टिपायचं, मग डोस ठरवायचा, आणि पहिल्या दोन आठवड्यांत बोटं उघडण्याचा सराव दिवसातून चार वेळा ठेवायचा.